खजिना शोधायला किती महाग यंत्र हवं?

अमेरिकेत मुलामुलींकडे सहा महिने राहून आलेले आजी-आजोबा हल्ली एक नवा शब्द सोबत घेऊन येतात : जिओकॅशिंग. श्रोतेहो, नाव अवघड असलं तरी प्रकार सोपा आहे. कुणीतरी जंगलात, बागेत किंवा एखाद्या पुलाशेजारी डबा लपवतो आणि त्या जागेचे अक्षांश-रेखांश इंटरनेटवर जाहीर करतो. बाकीच्यांनी उपग्रहांवर चालणारं यंत्र हातात घेऊन तो शोधायचा, आतल्या वहीत नाव आणि तारीख लिहायची आणि डबा होता तिथेच, होता तसाच ठेवून द्यायचा. डब्यातली एखादी वस्तू उचललीत, तर तिच्या तोलाची दुसरी ठेवायची. झाला खेळ.

हा खेळ एका सरकारी हुकमातून जन्माला आला. जीपीएस ही अमेरिकन लष्कराची व्यवस्था. सुमारे वीस हजार किलोमीटर उंचीवरून फिरणाऱ्या उपग्रहांचे संकेत पकडून यंत्र आपली जागा सांगतं. पण सामान्य माणसाच्या वाट्याला येणाऱ्या संकेतात मुद्दाम खोट मिसळलेली असे, त्यामुळे शंभर मीटरपर्यंत फरक पडे. अध्यक्ष क्लिंटन यांच्या आदेशानं १ मे २०००च्या मध्यरात्री ही खोट काढून टाकण्यात आली. लगेच ३ मे रोजी डेव्ह उल्मर या गृहस्थांनी ऑरेगॉन राज्यात, पोर्टलंडजवळच्या बीव्हरक्रीक इथे एक काळी बादली ठेवली. आत वही, पेन्सिल, पुस्तकं, थोडे पैसे, एक गलोल आणि घेवड्याच्या दाण्यांचा सीलबंद डबा! जागा जाहीर केली आणि तीन दिवसांत दोघांनी ती शोधली. आज तिथे स्मरणफलक आहे, आणि जगभर असे तीस लाखांहून जास्त डबे लपवलेले आहेत. फक्त खाण्याचे पदार्थ ठेवायला आता मनाई आहे, कारण माणसाआधी तिथे जनावरं पोचतात.

आता मुद्द्याचा प्रश्न : या खेळासाठी यंत्र कोणतं घ्यावं? माझं पहिलं उत्तर, दोन-तीन रविवार काहीच घेऊ नये. मोबाइलमध्ये जीपीएस असतंच, खेळाचं अ‍ॅपही फुकट मिळतं. मुलांना गोडी लागते का ते आधी पाहावं. लागली, की मोबाइल अपुरा पडू लागतो. ऑरेगॉनच्या ओल्या थंडीत त्याची बॅटरी भराभर उतरते, हातमोजे घातले की पडदा ऐकत नाही, आणि सगळ्यात मोठी अडचण म्हणजे आई-बाप तो मुलांच्या हातात द्यायला धजत नाहीत. मूल मागं मागं, वडील पुढे पडद्यात डोकं घालून. मग खेळ कुणाचा? हातातून दगडावर पडलं, डबक्यात बुडालं तरी चालेल असं यंत्र मुलाकडे देता यावं, स्वतंत्र यंत्र घेण्याचं खरं कारण हेच.

दुकानात गेलं की रंगीत नकाशे, कॅमेरा, उंची मोजणारा वायुदाबमापक असं बरंच काही पुढे येतं आणि किंमत दुप्पट-तिप्पट होते. इथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. मोकळ्या आकाशाखाली साधं यंत्र तीन ते पाच मीटरपर्यंत बिनचूक असतं. उंच डग्लस फर वृक्षांच्या दाटीत किंवा कड्याखाली संकेत आपटून-वळून येतात आणि फरक दहा मीटरवर जातो. पण ज्यानं डबा लपवला त्याच्या यंत्रातही एवढाच फरक होता! त्याची चूक आणि आपली चूक मिळून शोधायचं वर्तुळ तयार होतं. आपलं यंत्र कितीही महाग असो, लपवणाऱ्याच्या वाट्याची चूक ते पुसू शकत नाही. शेवटचे पाच-दहा मीटर डोळ्यांनीच चालायचे असतात. तिथे मुलं मोठ्यांना हरवतात.

तेव्हा पैसे द्यावेत ते चांगल्या संकेतग्रहणासाठी. अमेरिकेच्या जीपीएसबरोबर रशियाचे ग्लोनास, युरोपचे गॅलिलिओ असे इतर उपग्रहही पकडणारं यंत्र झाडांखाली तग धरतं. गार्मिन कंपनीचं २०११ साली आलेलं ईट्रेक्स १० हे स्वस्त यंत्र जीपीएस आणि ग्लोनास दोन्ही घेतं. साध्या पेन्सिल सेलच्या जोडीवर ते सुमारे पंचवीस तास चालतं आणि डब्याचं वर्णन, संकेतओळ, काठिण्य सगळं साठवून ठेवतं. त्याच घराण्यातलं ईट्रेक्स एसई २०२३ साली दीडशे डॉलरला निघालं. त्यात होकायंत्र आहे आणि मोबाइलशी जोडी जमवून डब्यांची माहिती थेट येते. दोघांचाही पडदा एकरंगी. कुटुंबासाठी तो पुरतो, उलट भर उन्हात अधिक चांगला दिसतो.

होकायंत्राबद्दल थोडं थांबून सांगायला हवं. जुन्या मुसलमान घरांत ‘किब्लानुमा’ नावाची छोटी चुंबकसूची असे. नमाजाला उभं राहण्याआधी ती तळहातावर धरली, की दिशा कळे. ती जागच्या जागी दिशा सांगते. अगदी स्वस्त जीपीएसला हे जमत नाही. आधी कुठे होतो आणि आता कुठे आहोत यावरून ते दिशा काढतं. म्हणजे चालत असाल तरच बाण खरा. थांबलात की बाण भरकटतो आणि मूल गोंधळतं. उपाय सोपा आहे : वीसेक पावलं सरळ चालून पुन्हा पाहावं, किंवा खिशात साधी चुंबकसूची ठेवावी. होकायंत्र असलेलं यंत्र घेतलंत, तर सेल बदलल्यावर ते नव्यानं जुळवून घ्यावं.

नकाशा नसला तरी चालेल म्हणालो, पण त्याची किंमत असते. बाण सरळ रेषेत दिशा दाखवतो. मधे ओढा आहे की घळ, हे त्याला ठाऊक नसतं. ‘दीडशे मीटर’ असं वाचून मुलं धावत सुटतात आणि शेवाळलेल्या उतारावर घसरतात. पायवाट सोडू नये. बहुतेक वेळा वाट वळून त्याच जागी नेते. प्रत्येक डब्याला काठिण्य आणि जमीन यांचे एक ते पाच असे दोन अंक दिलेले असतात. आजी-आजोबा सोबत असतील तर जमिनीचा अंक दोनच्या वर नको.

यंत्र हाती आल्यावर पहिलं काम अंक लिहिण्याची पद्धत तपासण्याचं. या खेळात अंश आणि दशांश मिनिटं वापरतात. त्या पहिल्या बादलीची जागा पाहा : उत्तर ४५ अंश १७.४६० मिनिटं, पश्चिम १२२ अंश २४.८०० मिनिटं. अक्षांशाचा शेवटचा अंक एकानं बदलला तर जागा जेमतेम दोन मीटर सरकते. पण १७.४६० म्हणजे ‘१७ मिनिटं ४६ सेकंद’ असं समजलं, तर माणूस साडेपाचशे मीटरहून जास्त उत्तरेला जाऊन उभा राहतो आणि दोष यंत्राला देतो.

आमच्या घरी अंक मी वाचतो आणि नऊ वर्षांचा नातू ते यंत्रात भरतो. तिकडे वाढलेल्या मुलाला मराठी अंक जड जातात. ‘पंचेचाळीस’ म्हणजे चाळीस आणि पाच, हे त्याला कुणी पाटीवर शिकवलं असतं तर तो पळाला असता. अक्षांशामुळे ते त्याच्या तोंडी बसलं. आता ‘एकशे बावीस’ही तोच मला म्हणून दाखवतो, आणि चुकलं की ‘नाना, परत सांगा’ म्हणतो.

वापरलेलं यंत्र घेणार असाल, तर फार जुनं नको. २०००च्या सुमाराची पहिली पिवळी ईट्रेक्स यंत्रं कणखर खरी, पण झाडांखाली संकेत सोडतात. शिवाय उपग्रहांच्या संकेतातले आठवडे दर १०२४नंतर शून्यावर येतात. एप्रिल २०१९ मध्ये तसं झालं, तेव्हापासून काही जुनी यंत्रं भलतीच तारीख दाखवतात. विकत घेण्याआधी उघड्यावर नेऊन सुरू करावं आणि तारीख वाचावी.

परत येताना यंत्र नातवंडांकडेच राहू द्यावं. उपग्रहामार्फत संदेश पाठवणारी यंत्रं परवान्याशिवाय भारतात आणता येत नाहीत, आणि साध्या यंत्राबद्दलही विमानतळावर खुलासे करत बसण्याची वेळ येऊ शकते.

निघताना गाडीपाशी उभं राहून ती जागा यंत्रात साठवावी, म्हणजे परतीचा बाण हाताशी असतो. सेलची एक जोडी जास्तीची घ्यावी. आणि पेन्सिल आपली न्यावी. डब्यातला कागद दमट असतो, त्यावर शाई नीट उमटत नाही.