अंधारातील रहिवासी

कीटक म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर शेत, बाग किंवा दिव्याभोवती जमणारी पाखरे येतात. परंतु जेथे सूर्यकिरण कधीच पोहोचत नाही अशा गुहांतही कीटकांची व कोळ्यांची वस्ती नांदत असते, आणि प्राणिशास्त्रज्ञ तिची पद्धतशीर पाहणी करतात.

बीदरच्या रहिवाशांना अशी जागा पाहण्यास दूर जावयास नको. हे शहर जांभ्या दगडाच्या पठारावर वसले आहे. जांभा सच्छिद्र, तर त्याखालचा काळा कातळ घट्ट. पावसाचे पाणी जांभ्यातून झिरपते, कातळावर अडते आणि दोहोंचा सांधा उघडा पडेल तेथे झरा होऊन वाहते. झरणी नरसिंहाच्या गुहेत भाविक पाण्यातून चालत दर्शनास जातात आणि माथ्यावर वटवाघळे लटकलेली असतात. नौबादचा बहमनीकालीन कारेझ, म्हणजे भुयारी पाट, हीदेखील मानवाने खोदलेली गुहाच होय.

गुहेच्या अंधारात हिरवे पान उगवत नाही. मग तेथील जीव खातात काय? वटवाघळे रात्री बाहेर चरून येतात आणि त्यांची विष्ठा खाली पडते. तिच्यावर बुरशी वाढते, त्या दोहोंवर झुरळे व भुंगेरे जगतात, आणि कोळी या कीटकांची शिकार करतात. सारी शिदोरी बाहेरून येते.

या वस्तीचे तीन वर्ग करतात. काही नुसते पाहुणे. काही आत आणि बाहेर दोन्हीकडे राहू शकणारे. आणि काही जन्माचे गुहावासी. या शेवटच्यांचे डोळे क्षीण झालेले, रंग फिका आणि स्पर्शिका लांब असतात. बस्तरमधील कोटुमसर गुहेतील एका रातकिड्यास 1977 साली ‘केम्पिओला शंकरी’ हे नाव मिळाले. त्यातील ‘केम्पिओला’ हे प्रजातिनाम स्टॅन्ली केम्प यांच्या नावावरून आलेले आहे. याच केम्प यांनी 1922 साली चोप्रा यांच्यासह गारो टेकड्यांतील सीजू गुहेची पाहणी केली व सुमारे शंभर प्रकारच्या प्राण्यांची नोंद केली. सीजूची गुहा चुनखडकातील आहे. कलबुर्गीकडची शहाबादी फरशी याच जातीचा दगड.

पाहणीची रीत साधी, पण चिकाटीची आहे. तोंडापासून फितीने अंतर मोजून गुहेचे टप्पे पाडतात. प्रत्येक टप्प्यावर उजेड, उष्णता व आर्द्रता टिपतात. भिंत, छत व जमीन विजेरीने निरखतात. विष्ठा चाळणीने चाळतात. अवश्य तेवढेच नमुने ओल्या कुंचल्याने उचलून मद्यार्कात ठेवतात आणि चिठ्ठीवर स्थळ, तारीख व अंतर लिहितात. चिठ्ठीविना नमुना म्हणजे पत्त्याविना पत्र. उन्हाळ्यात व पावसाळ्यात पाहणी पुन्हा करावी लागते. वटवाघळांची पिले लहान असता मात्र आत जाऊ नये, आणि एरवीही नाकातोंडावर मुखपट्टी बांधावी, कारण विष्ठेच्या धुळीतील बुरशी फुप्फुसांस अपायकारक असू शकते.

श्रोतेहो, हा खटाटोप कशासाठी? गुहेत प्रखर दिवे लागले, गोंगाट वाढला की वटवाघळे स्थलांतर करतात. ती गेली की शिदोरी संपते आणि तिच्यावर जगणारी सारी वस्ती उपाशी मरते. एकाच गुहेत राहणारी जात अशी नष्ट झाली, तर ती पृथ्वीवरूनच गेली. एकविसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात नौबादच्या कारेझमधील गाळ उपसण्याचे काम झाले. पाण्यासाठी असे काम अवश्यच असते. तथापि कोणत्याही भुयारातील पहिली पाटी उचलण्यापूर्वी तेथील जीवांची नोंद व्हावी, एवढेच मागणे आहे. दिवेही मंद असावेत आणि दर्शनाची वेळ संपताच मालवावेत.

शाळांतील मुलांनी शिक्षकांसमवेत गुहेच्या तोंडाशीच थांबून दिसेल त्याचे चित्र काढावे व तारीख लिहावी. नमुने गोळा करण्याचे काम परवानगी असलेल्या तज्ज्ञांचे. भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेचे पश्चिम विभागीय केंद्र पुण्यास आहे. तेथील तज्ज्ञ येतील तेव्हा मुलांच्या या वह्या त्यांना निश्चितच उपयोगी पडतील.