सॅमन, बांगडा आणि एक किलो बर्फ

आधीच सांगतो, मी कॉन्व्हेंटवाला. ऱ्हस्व-दीर्घ पोटात घाला.

दिवाळीत माझा मावसभाऊ पुण्याहून विश्रामबागला आमच्या घरी आला, तो थर्मोकोलच्या डब्यात नॉर्वेच्या सॅमनचं पाकीट घेऊनच. "मावशी, सुशी ग्रेड आहे. कच्चाच खायचा." आई म्हणाली, "कच्चा? माझ्या घरात?" संपला विषय. सॅमन तव्यावर गेला. पण ते 'ग्रेड' माझ्या डोक्यात बसलं. स्टीलसारखी कुणीतरी टेस्ट करून ग्रेड देत असणार, असं वाटलं होतं.

तसं काही नसतं. 'सुशी ग्रेड' ही अमेरिकेतसुद्धा कायद्याने ठरलेली प्रत नाही, विकणारा म्हणतो म्हणून ती. कच्च्या माशातली पहिली भीती जंतांची. जंगली सॅमनमध्ये ते सापडतात, म्हणून जपानी लोक पूर्वी आपला सॅमन कच्चा खात नसत. १९८०च्या दशकात नॉर्वेने त्यांना पिंजऱ्यात, तयार खाद्यावर वाढवलेला सॅमन विकायला सुरुवात केली. त्यात हा धोका फारच कमी. बाकी मासा कच्चा खायचा तर अमेरिकन नियम उणे २० अंशांवर सात दिवस गोठवा म्हणतो. घरचा फ्रीझर साधारण उणे १८, आणि लाइट गेली की तेही नाही. तेव्हा घरच्या फ्रीजच्या भरवशावर सुशी नको. रोहू-कटल्याची तर नकोच नको, गोड्या पाण्यातल्या माशांचे जंत वेगळे आणि वाईट.

पण आपण कुठं कच्चं खातो, शिजवलं की झालं! मीही असंच समजत होतो. एप्रिलमधल्या एका रविवारी सकाळी बांगडे घेतले, पिशवी गाडीच्या हुकाला अडकवली आणि मित्राकडे प्रोजेक्टचं बोलत तीन तास बसलो. घरी येऊन मासे फ्रीजमध्ये टाकले. रात्री तिरफळं घातलेलं झणझणीत कालवण झालं. वासही चांगला, चवही चांगली. अर्ध्या तासात बाबांचा आणि माझा चेहरा लालबुंद, डोकं ठणकायला लागलं, अंगाला खाज. आम्हाला वाटलं ॲलर्जी. डॉक्टर म्हणाले, हिस्टामिन.

बांगडा, सुरमई, कुपा या माशांच्या मांसात हिस्टिडिन भरपूर असतं. मासा उबेत राहिला की बॅक्टेरिया त्याचं हिस्टामिन करतात. एकदा झालं की ते उकळून जात नाही, तळून जात नाही, फ्रीझरमध्ये टाकूनही जात नाही. फ्रीज फक्त पुढचं मंदावतो. ते तीन तास परत मिळत नाहीत.

हॉस्टेलवरचा माझा रत्नागिरीचा मित्र हे ऐकून हसलाच. "अरे, घाट चढून तुमच्या सांगलीपर्यंत मासा बर्फात येतो, आणि शेवटच्या तीन किलोमीटरला तू त्याला ऊन दाखवतोस?" मग आम्ही वहीच्या मागच्या पानावर हिशोब केला. एक किलो मासा ३० अंशांवरून शून्यावर आणायला साधारण ११० किलोज्यूल काढावे लागतात. एक किलो बर्फ वितळताना ३३४ शोषतो. म्हणजे पाव-तीनशे ग्रॅम... नाही, जवळजवळ ३३० ग्रॅम बर्फ पुरायला हवा. पण डब्याबाहेर सांगलीचा एप्रिल असतो, त्याची उष्णता आत येतच राहते. म्हणून कोळ्यांचा हिशोब सरळ: किलोला किलो. आणि लादीचा तुकडा नको, चुरा हवा, म्हणजे तो माशाला सगळीकडून चिकटतो. वितळलेलं पाणी काढून टाकायचं.

घेताना कल्ले लाल, डोळे फुगीर, बोट दाबलं तर खड्डा लगेच भरतो, एवढं बघा. सुरमईच्या कापलेल्या तुकड्यांना कल्लेही नाहीत आणि डोळेही नाहीत, तेव्हा समोर अख्ख्या माशातून कापून घ्या. लाजायचं काय त्यात! घरी आल्यावर लगेच साफ करून फ्रीजमध्ये अगदी मागे ठेवा आणि दुसऱ्या दिवशीपर्यंत संपवा. जास्त असेल तर पातळ, चपट्या पाकिटांत गोठवा. जाड गोळा हळू गोठतो, बर्फाचे स्फटिक मोठे होतात, पेशी फाटतात आणि मासा चोथा लागतो. वितळवायचा तोही खालच्या कप्प्यात रात्रभर, ओट्यावर नाही.

१ जून ते ३१ जुलै आपल्या किनाऱ्यावर यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते. त्या दिवसांत 'एकदम ताजी सुरमई' असं कुणी म्हणालं तर ती कुठून आली हे विचारा. फ्रोझन असली तर बिघडलं काहीच नाही, फक्त घरी आणून पुन्हा गोठवू नका.

आमच्या गाडीच्या डिकीत आता मावसभावाचा तो थर्मोकोलचा डबा असतो.