अंगमर्दन आणि ताठ कणा

'ताठ बस' हे दोन शब्द आम्ही आपल्या अध्यापनकाळात किती सहस्र वेळा उच्चारले असतील, त्याची गणती नाही. आणि दैवगती अशी, की निवृत्तीच्या समयी आमच्याच पाठीस पोक आले होते! वह्या तपासताना मान जी खाली वळली, ती वळलीच. संध्येस मांडी घालून बसावे तो कंबर धरे.

प्रथम आमच्या हातून एक प्रमाद घडला. कोणाच्या तरी सांगण्यावरून आम्ही मान मोडून घेतली. पुढे आठ दिवस हातास मुंग्या येत होत्या. डॉक्टरांनी सक्त ताकीद दिली. नंतर त्यांच्याच अनुमतीने आम्ही आमच्या गडमुडशिंगीतील एका वृद्ध वस्तादांस बोलाविले.

कोल्हापूरच्या आसमंतात मर्दनविद्या ग्रंथांपेक्षा तालमींतच अधिक नांदली. शाहू छत्रपतींनी १९१२ साली खासबागेचे कुस्तीमैदान उभारले. त्यांच्या आश्रयाने मल्लविद्या भरभराटली, आणि मेहनतीनंतर जोडीदारांनी एकमेकांचे अंग रगडण्याची रीतही तिच्यासवे दृढ झाली. आयुर्वेदास हे नवे नाही. तेलाने जसे चामडे, घट व गाडीचा आंस टिकाऊ होतात तसेच अभ्यंगाने शरीर, असा दृष्टांत चरकसंहितेत आहे.

वस्ताद पाठ दाबून सरळ करतील, अशी आमची समजूत. त्यांनी कोमट तिळेल चोळले आणि मानेखाली तळवा ठेवून म्हणाले, "मास्तर, ताठ व्हायला बघू नका. डोक्याचा भार माझ्या हातावर सोडा." तो भार सोडणे आम्हांस चार दिवस साधले नाही! स्वस्थ पडलो असताही आमचे स्नायू व्यर्थ झुंजत होते, हे त्या हातामुळेच कळले.

योगायोग पाहा. टास्मानियात १८६९ साली जन्मलेले अलेक्झांडर हे काव्यवाचन करीत. त्यांचा आवाज बसू लागला. आरशापुढे उभे राहून त्यांनी पाहिले, तो बोलताना आपण मान मागे ओढतो असे दिसले. पुढे हलक्या हाताने ही खोड सोडविण्याची पद्धती त्यांनी आयुष्यभर शिकविली. पुण्यात १९३७ पासून योग शिकविणारे बी. के. एस. अय्यंगार हेही शिष्यांची आसने स्वहस्ते सुधारीत.

आमचे पोक गेले, असे आम्ही म्हणत नाही. झिजलेले हाड मर्दनाने नवे होत नाही. परंतु संध्येस आता सुखाने बसवते, हा लाभ थोडा नव्हे. मात्र ज्वर, सूज, अस्थिभंग वा बधिरता असता प्रथम डॉक्टरांस विचारावे, आणि झटका तर कोणासही देऊ देऊ नये.

सायंकाळी नातू मोबाईलवर ओणवा होऊन बसतो. जुनी सवय जिभेवर येते. पण आम्ही ती गिळतो आणि त्याच्या खांद्यांमध्ये हलकेच तळवा ठेवतो. तो आपणहून मान वर करतो, आणि आमच्याकडे पाहून हसतो.