एकवीस वळणांचा हिशेब

मनाली-लेह रस्त्यावर सरचू सोडलं की गाटा लूप्स लागतात. एकवीस वळणं, चढ साधारण साडेचारशे मीटरचा. सायकल, तंबू, स्लीपिंग बॅग आणि स्वार मिळून वजन शंभर किलो धरू. तेवढा भार तेवढ्या उंचीवर नेण्याचं काम होतं सुमारे ४४० किलोज्यूल. स्नायू अन्नातल्या ऊर्जेचा जेमतेम पाव हिस्सा पायडलपर्यंत पोचवतात, उरलेल्याची उष्णता होते. म्हणजे साडेचारशेच्या आसपास किलोकॅलरी लागल्या. चार-पाच पोळ्या!

मग दम का लागतो? कारण अडचण इंधनाची नसून ते जाळण्याच्या वेगाची आहे. पाच हजार मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळपास निम्मा असतो. ऑक्सिजनचं प्रमाण तेच, २१ टक्के; पण प्रत्येक श्वासात रेणूच कमी. विरळ हवेचा अडथळा कमी होतो हे खरं, मात्र ताशी पाच-सहा किलोमीटरच्या चढाला त्याचा काय उपयोग? तिथे सगळी लढाई गुरुत्वाकर्षणाशी. म्हणून सर्वांत हलका गिअर टाकावा आणि बोलता येईल इतक्याच जोराने पायडल मारावं.

वळणांनंतरची नकी ला ही खिंड ओलांडल्यावर रस्ता खाली उतरतो आणि कमावलेली उंची गमावून पुन्हा लाचुंग ला ही दुसरी खिंड चढायला लावतो. (रस्ता आखणाऱ्यांनी सायकलवाल्यांचा विचार केला नसावा.) कोरड्या हवेत घाम लगेच उडतो, धापेबरोबरही पाणी जातं, तहानेची वाट न पाहता घोट घेत राहावं. संध्याकाळी पुढच्या पांगच्या मुक्कामी डाळ शिजत नाही म्हणून आचाऱ्याला दोष देऊ नये. तिथे पाणी ८५ अंशांच्या आसपासच उकळतं.