दुसरी गाडी जुनी घेताना : आधी कागद, मग चावी

उपनगरातल्या पुष्कळ घरांत गाडी एकच असते आणि ती सकाळीच कामावर निघून जाते. मागे आजीला गुडघ्याच्या डॉक्टरकडे न्यायचे असते, मुलांना भर पावसात शाळेतून आणायचे असते आणि जवळचे भाडे ऐकून रिक्षावाला मान हलवून पुढे जातो. अशा वेळी घरात विषय निघतो की, लाख-सव्वा लाखात एखादी जुनी गाडी घ्यावी का? रोखीने घेता येते, त्यामुळे कर्ज आणि व्याज दोन्ही टळते. घरातल्या सुनेला किंवा मुलीला हात बसवायलाही ती बरी. विचार चांगला आहे, पण व्यवहार डोळे उघडे ठेवून करायला हवा.

पहिला प्रश्न जागेचा. सोसायटीत दुसऱ्या गाडीला जागा मिळेल का, हे सेक्रेटरीला आधीच विचारावे. रस्त्यावर उभी केलेली गाडी टोइंगवाले उचलतात आणि दंड भरता भरता स्वस्ताई संपते.

दुसरा प्रश्न वयाचा. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. नंतर आरटीओत तपासणी करून ती पाच-पाच वर्षांसाठी वाढवून घ्यावी लागते आणि पर्यावरण करही भरावा लागतो. नोंदणी वाढवण्याची फी पूर्वी ६०० रुपये होती, एप्रिल २०२२ पासून ती ५,००० झाली. २० वर्षांवरच्या गाडीसाठी २०२५ मध्ये ती १०,००० केली गेली. म्हणून १४ वर्षांची गाडी स्वस्त मिळत असेल, तर हा खर्च किमतीत धरूनच भाव करावा.

दिल्लीची गाडी निम्म्या किमतीत मिळते, असे सांगणारेही भेटतात. तिथे १० वर्षांवरच्या डिझेल आणि १५ वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर निर्बंध आले, म्हणून त्या बाहेर विकल्या जाऊ लागल्या. परराज्यातली गाडी आणली की तिथल्या आरटीओचे ना-हरकत प्रमाणपत्र, इथला रोड टॅक्स आणि नवा नंबर हे सगळे आपल्यालाच करावे लागते. त्यापेक्षा अंधेरीची एमएच-०२, वडाळ्याची एमएच-०३ किंवा बोरिवलीची एमएच-४७ गाडी बरी.

मॉडेल निवडताना स्पेअर पार्टचा विचार करावा. मारुती ८०० जानेवारी २०१४ मध्ये बंद झाली, तरी मारुती, वॅगन-आर, सँट्रो यांचे पार्ट कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर शोधता येतात आणि त्या दुरुस्त करणारा मेकॅनिक नाक्यावर असतो. शेवरोलेने २०१७ अखेर भारतात गाड्या विकणे थांबवले, फोर्डने २०२१ मध्ये इथले उत्पादन बंद करण्याचे जाहीर केले. या गाड्या स्वस्त दिसतात त्यामागे हेही कारण आहे.

गाडी सकाळी, इंजिन थंड असताना बघावी आणि सोबत आपला मेकॅनिक न्यावा. त्याचे पाचशे-हजार रुपये वाया जात नाहीत. मुंबईत पाण्यात बुडालेली गाडी ओळखता आली पाहिजे. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून चिखलाचा डाग आहे का ते पाहावे, पायाखालचे कार्पेट उचलावे, सीटच्या रुळांवर गंज आहे का ते बघावे. आत अत्तराचा घमघमाट असेल तर काच खाली करून पुन्हा वास घ्यावा. सीएनजी किट असेल तर त्याची नोंद आरसी बुकात हवी आणि सिलिंडरची दर तीन वर्षांनी होणारी चाचणी झालेली हवी.

एक गोष्ट घरच्यांना स्पष्ट सांगून ठेवावी. चालकाची एअरबॅग सर्व गाड्यांना सक्तीची झाली ती १ जुलै २०१९ पासून. त्याआधीच्या स्वस्त गाड्यांत ती बहुधा नसतेच. अशी गाडी मुलुंड-घाटकोपरच्या फेऱ्यांसाठी ठीक आहे. ईदला सगळे कुटुंब भरून रत्नागिरीला नेण्यासाठी ती घेऊ नये.

आता सर्वांत महत्त्वाचे, नाव बदलणे. फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका अपघाताचा निकाल दिला. २००९ मध्ये मागे येणाऱ्या एका कारखाली सापडून एका मुलाचा जीव गेला होता. ती कार एकामागून एक अनेक हातांत विकली गेली होती, पण आरटीओच्या कागदावर नाव पहिल्याच मालकाचे होते आणि विमाही नव्हता. न्यायालयाने सांगितले की कायद्याने मालक तोच, ज्याच्या नावावर नोंदणी आहे. भरपाईची जबाबदारी त्याच्यावर आली, जरी गाडी त्याने केव्हाच विकलेली होती.

म्हणून विकणाऱ्यालाही हा धडा आहे. 'नाव नंतर करू, आपलेच माणूस आहे' हे वाक्य मान्य करू नये. फॉर्म २९ आणि ३० वर दोघांच्या सह्या त्याच दिवशी व्हाव्यात. विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला कळवायचे असते. आधीचे कर्ज फिटले असेल तर बँकेचे पत्र आणि फॉर्म ३५ घ्यावा. थकलेले ई-चलान पैसे देण्यापूर्वी भरून घ्यावेत. चेसिस नंबर आरसीशी स्वतः ताडून पाहावा. उच्च सुरक्षा नंबरप्लेट आणि पीयूसीही तपासावे.

विमाही १४ दिवसांत आपल्या नावावर करून घ्यावा. जुन्या मालकाचा नो-क्लेम बोनस आपल्याला मिळत नाही, तो त्याच्याबरोबर जातो. गाडीच्या नुकसानीचा दावाही विमा आपल्या नावावर नसेल तर अडतो.

घरातली गाडी विकणारे आपण असू, तर तिचा ऐब आधी सांगून टाकावा. गिअर अडतो, एसी बंद आहे, एकदा मागून ठोकली आहे, हे सांगितल्याने फार तर पाच-दहा हजार कमी येतील. घेणाऱ्याची मुले त्या गाडीत बसणार आहेत.

पैसे शक्यतो बँकेतून द्यावेत, पावतीवर तारीख आणि वेळ दोन्ही लिहावे आणि किमतीशिवाय वीस-पंचवीस हजार पहिल्या दुरुस्तीसाठी बाजूला ठेवावेत. टायर, बॅटरी आणि ब्रेक यांची कामे पहिल्याच आठवड्यात करून घ्यावीत, मग आजीला गाडीत बसवावे.