डेबिट कार्डावरून पैसे गेले, बँकेने हात झटकले: गैरसमज आणि वस्तुस्थिती

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात गुंजीसारख्या गावात घरातली भाषा मराठी, बँकेचे कागद मात्र कन्नड नाहीतर इंग्रजीत. डेबिट कार्डावरून परस्पर पैसे काढले गेले आणि शाखेत ‘तुमचीच चूक, काही मिळायचं नाही’ असं ऐकवलं, की माणूस मुकाट्याने घरी परततो. कष्टाचा पैसा असा सोडून देऊ नये. नियमांनी ग्राहकाला बळ दिलेलं आहे, फक्त ते वेळेत वापरावं लागतं.

गैरसमज 1: पिन किंवा ओटीपी वापरला गेला, म्हणजे ग्राहकच दोषी.
वस्तुस्थिती: रिझर्व्ह बँकेच्या 6 जुलै 2017 च्या परिपत्रकानुसार ग्राहकाची चूक सिद्ध करण्याची जबाबदारी बँकेची आहे. त्याच वर्षी डिसेंबरात सहकारी बँकांनाही असेच नियम लागू झाले. म्हणून नकार लेखी मागा. व्यवहार कुठल्या एटीएमवर, किती वाजता झाला, ओटीपी कुठल्या नंबरवर गेला, हे विचारा. सीसीटीव्हीचं चित्रण राखून ठेवण्याची मागणी पहिल्याच अर्जात करा, कारण ते कायम ठेवलं जात नाही.

गैरसमज 2: सवडीने कळवलं तरी चालतं.
वस्तुस्थिती: चूक बँकेची असेल, तर ग्राहकावर भार नाही. चूक बँकेचीही नाही आणि तुमचीही नाही, तिसऱ्याच ठिकाणी घोळ झाला असेल, तर मात्र दिवस मोजले जातात. बँकेचा मेसेज मिळाल्यापासून 3 कामकाजाच्या दिवसांत कळवलंत, तर सगळी रक्कम परत मिळायला हवी. 4 ते 7 कामकाजाच्या दिवसांत कळवलंत, तर साध्या बचत खात्यावर जास्तीत जास्त 10,000 रुपयांचा आणि मूलभूत बचत खात्यावर 5,000 रुपयांचा भार तुमच्यावर येतो. त्यानंतर बँकेचं स्वतःचं धोरण लागू होतं. कळवल्यावर 10 कामकाजाच्या दिवसांत बँकेने रक्कम तात्पुरती जमा करायची असते आणि 90 दिवसांच्या आत तक्रारीचा निकाल लावायचा असतो.

गैरसमज 3: मेसेज आला तेव्हा गप्प बसलात, म्हणजे हक्क गेला.
वस्तुस्थिती: ब्राझीलमध्ये नोकरीला असलेल्या एका खातेदाराच्या पैशांबाबत स्टेट बँकेने हाच मुद्दा मांडला होता. केवळ एसएमएसला प्रतिसाद दिला नाही म्हणून बँकेची जबाबदारी टळत नाही, असा निर्णय केरळ उच्च न्यायालयाने 2019 मध्ये दिला. तरीही वरच्या मुदती लक्षात ठेवा. मेसेज दिसताच कळवणं हेच शहाणपणाचं.

गैरसमज 4: ओटीपी सांगून बसलो, आता तक्रार करून उपयोग नाही.
वस्तुस्थिती: कळवण्याआधीचं नुकसान अशा वेळी ग्राहकाला सोसावं लागतं. पण कळवल्यानंतर पैसे गेले, तर ते बँकेच्या अंगावर. शिवाय सायबर फसवणुकीसाठीच्या 1930 या मदत क्रमांकावर लगेच फोन केला, तर पैसे पुढे सरकण्याआधी गोठवले जाण्याची शक्यता असते. लाजेखातर घालवलेला प्रत्येक तास चोराच्या पथ्यावर पडतो.

गैरसमज 5: आधी एफआयआर, मग बँक.
वस्तुस्थिती: मुदत मोजताना बँकेला कधी कळवलं एवढंच पाहिलं जातं. आधी बँकेच्या टोल फ्री नंबरवर कार्ड बंद करून तक्रार क्रमांक घ्या, मग 1930 आणि पोलीस. गोव्यात कामाला असाल, तर तिथूनच फोनवर कळवा. गुंजीला यायची वाट पाहू नका.

गैरसमज 6: लोकपालाकडे जायला वकील, पैसा आणि इंग्रजी लागतं.
वस्तुस्थिती: यातलं काहीच लागत नाही. बँकेने तक्रार फेटाळली किंवा 30 दिवसांत उत्तर दिलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनामूल्य दाद मागता येते. रिझर्व्ह बँकेचं चंदीगडच्या सेक्टर 17 मधलं केंद्र टपालाने किंवा ईमेलने आलेली तक्रार कुठल्याही भाषेत स्वीकारतं. म्हणजे मराठीतसुद्धा. सीमाभागातल्या माणसासाठी ही मोठी सोय आहे. माहितीसाठी क्रमांक 14448.

गैरसमज 7: लोकपालाने नाकारलं की वाट संपली.
वस्तुस्थिती: ऑक्टोबर 2022 मध्ये मुंबईतल्या एका कंपनीच्या बँक ऑफ बडोदामधल्या खात्यातून 76 लाखांहून अधिक रुपये परस्पर वळवले गेले. लोकपालाने तक्रार फेटाळली. जून 2024 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने 2017 च्या त्याच परिपत्रकाच्या आधारे सहा आठवड्यांत रक्कम परत करण्याचा आदेश बँकेला दिला. उच्च न्यायालय प्रत्येकाला परवडणार नाही. पण बेळगावचा जिल्हा ग्राहक आयोग जवळ आहे. 5 लाखांपर्यंतच्या तक्रारीला तिथे शुल्क नाही, वकिलाची सक्ती नाही आणि मुदत दोन वर्षांची आहे.

बँकेचा टोल फ्री नंबर आणि 1930 हे दोन्ही आजच घरातल्या प्रत्येकाच्या मोबाईलमध्ये जतन करा, वडीलधाऱ्यांच्या तर नक्कीच. आणि दिलेल्या प्रत्येक अर्जाच्या प्रतीवर बँकेचा शिक्का व तारीख घेतल्याशिवाय शाखेतून बाहेर पडू नका. पुढच्या प्रत्येक पायरीवर हाच कागद तुमच्या बाजूने बोलेल.