जुन्या गाडीला घरच्या घरी फ्यूल इंजेक्शन : वेळ नेमका कुठे जातो?

मुंबईच्या रस्त्यांवरून काळी-पिवळी पद्मिनी ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झाली. पण खासगी मालकीच्या पद्मिनी अजूनही अनेकांनी हौसेने सांभाळल्या आहेत. कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेल्या या गाडीचे १,०८९ सीसीचे इंजिन साधे आणि दणकट आहे. तक्रारी असतात त्या बहुतेक कार्ब्युरेटरच्या. थंडीत चोक ओढून बसावे लागते, उन्हाळ्यात ट्रॅफिकमध्ये गरम झालेली गाडी बंद पडली की लवकर चालू होत नाही, आणि घाट चढताना मिश्रण बिघडते. त्यामुळे थोडेफार हत्यार चालवता येणाऱ्या मालकाच्या मनात कधी तरी विचार येतोच, की कार्ब्युरेटर काढून आपणच इंजेक्शन बसवले तर?

हे करता येते. पण असे अनेक प्रकल्प अर्ध्यावर थांबतात आणि चालती गाडी ताडपत्रीखाली जाते. बहुतेक वेळा त्यामागे कौशल्याची कमतरता नसते, चुकलेला वेळेचा हिशेब असतो.

अंदाज का चुकतो?

आपल्याच कामाला लागणारा वेळ माणूस कमी धरतो, या सवयीला डॅनियल कानमन आणि एमॉस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये ‘प्लॅनिंग फॅलसी’ असे नाव दिले. पुढे १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात विद्यार्थ्यांना प्रबंध कधी पूर्ण होईल ते विचारले गेले. सरासरी अंदाज सुमारे ३४ दिवसांचा होता. सगळे बिनसले तर किती लागतील, याचे उत्तर सुमारे ४९ दिवस आले. प्रत्यक्षात सरासरी ५५ दिवसांहून अधिक लागले. म्हणजे ‘वाईटात वाईट’ अंदाजही अपुरा पडला.

गाडीच्या कामात याचे कारण सहज दिसते. ‘इंजेक्शन बसवणे’ म्हटले की डोळ्यांसमोर कार्ब्युरेटर काढून तिथे थ्रॉटल बॉडी लावणे येते. हे काम खरोखर एका दिवसाचे आहे. पण त्याच्या आधी पेट्रोलचा दाब, वायरिंग आणि सेन्सर येतात, आणि नंतर ट्यूनिंग येते. वेळ तिथे जातो.

आधी इंजिनाची तब्येत

कॉम्प्रेशन कमी असेल, व्हॉल्व्हचे क्लिअरन्स चुकले असेल किंवा इनटेकच्या गॅस्केटमधून हवा ओढली जात असेल, तर कोणतेही इंजेक्शन ते झाकू शकत नाही. उलट दोष कोणाचा हेच कळेनासे होते. म्हणून चारही सिलिंडरचे कॉम्प्रेशन, व्हॉल्व्ह, टायमिंग आणि कूलिंग आधी तपासून घ्यावे.

विजेचाही हिशेब इथेच करावा. इलेक्ट्रिक पंप, इंजेक्टर, कंट्रोलर आणि ऑक्सिजन सेन्सरचा हीटर हे सगळे मिळून सतत वीज खातात. गाडीत अजून जुना डायनॅमो असेल, तर आयडलवर तो जवळजवळ काहीच देत नाही. अशा गाडीत अल्टरनेटर बसवणे हे वेगळे काम धरून यादीत घालावे.

पेट्रोलची व्यवस्था : सर्वात कमी लेखलेले काम

कार्ब्युरेटरला साधारण ३ ते ५ पीएसआय दाब पुरतो. इंजिनाच्या कॅमशाफ्टवर चालणारा डायफ्रामचा पंप तेवढा देतो. इंजेक्टरला मात्र बहुतेक वेळा ३ बार, म्हणजे जवळपास ४४ पीएसआय लागतात. इतक्या दाबाला जुनी रबरी नळी आणि साधे क्लिप टिकत नाहीत. फुटलेल्या नळीतून गरम इंजिनावर पेट्रोलचा फवारा उडाला तर आग लागते. म्हणून इंजेक्शनच्या दाबाची आणि इथेनॉल सोसणारी नळी, योग्य क्लॅम्प, फिल्टर, प्रेशर रेग्युलेटर आणि टाकीकडे परत जाणारी लाइन हे सगळे नव्याने करावे लागते.

जुन्या टाकीत आणखी एक अडचण असते. पेट्रोल कमी असताना वळणावर ते एका बाजूला सरकते आणि पंप हवा ओढतो. कार्ब्युरेटरमध्ये फ्लोटच्या कप्प्यात साठा असल्याने हे जाणवत नाही, पण इंजेक्शनची गाडी लगेच झटके देते. त्यावर सोपा उपाय म्हणजे एक छोटी मधली टाकी. जुना पंप ती भरत राहतो, नवा पंप तिच्यातून घेतो आणि जास्तीचे पेट्रोल मुख्य टाकीत परत जाते. मुख्य टाकीला वेल्डिंग लागणार असेल तर ते घरी करू नये. रिकाम्या टाकीतली वाफही स्फोट घडवू शकते. हे काम टाक्यांचे काम करणाऱ्या कारागिराकडेच द्यावे आणि त्याच्या तारखा आपल्या वेळापत्रकात धराव्यात.

वायरिंग : इथे घाई महागात पडते

इंजिन किती फिरते आहे, हवेचा दाब आणि तापमान किती, पाणी किती गरम आहे आणि थ्रॉटल किती उघडला आहे, एवढे समजल्यावर कंट्रोलर पेट्रोल किती सोडायचे ते ठरवतो. हौशी लोकांमध्ये २००१ पासून ‘मेगास्क्वर्ट’ प्रसिद्ध आहे. अलीकडे आर्डुइनो बोर्डावर चालणारा ‘स्पीडुइनो’ही वापरला जातो.

इंजिनाची गती मोजण्यासाठी क्रँकच्या पुलीवर दातेरी चक्र बसते. नेहमीचा प्रकार ३६ जागांचा असतो. दर १० अंशांवर एक दाता असतो आणि एक दाता मुद्दाम गाळलेला असतो, म्हणजे क्रँक कुठे आहे ते कळते. चक्र जरा डुगडुगले, सेन्सरचे अंतर चुकले किंवा त्याची वायर प्लगच्या वायरीजवळून गेली, तर कंट्रोलरचा हिशेब तुटतो. मग गाडी मिसिंग करते आणि मालक पेट्रोलचे आकडे बदलत बसतो. दोष अर्थिंगचा आणि शोध ट्यूनिंगमध्ये, असे अनेक रविवार वाया जातात.

त्यामुळे प्रत्येक वायरला खूण, कागदावर आराखडा, वेगळे फ्यूज आणि रिले, आणि इंजिनावर घासून साफ केलेले एकच पक्के अर्थिंग ही शिस्त पाळावी. अपघात झाल्यास पंप बंद करणारा धक्क्याचा स्विच लावावा. इंजिन फिरत नसेल तर पंप काही सेकंदांत आपोआप थांबतो का, हेही तपासावे.

ट्यूनिंग : इथे तास नाही, दिवस लागतात

कंट्रोलरमध्ये पेट्रोलचा मुख्य तक्ता बहुधा १६ बाय १६, म्हणजे २५६ चौकटींचा असतो. एक बाजू इंजिनाच्या वेगाची, दुसरी भाराची. सायलेन्सरच्या पाइपात बसवलेला वाइडबँड ऑक्सिजन सेन्सर मिश्रण पातळ आहे की दाट ते सांगतो. शुद्ध पेट्रोलसाठी हवा आणि इंधनाचे आदर्श प्रमाण १४.७ ला १ असते, तर २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलसाठी ते सुमारे १३.५ ला १. म्हणून जुन्या पुस्तकातला आकडा तसाच धरू नये.

रस्त्यावरचे ट्यूनिंग दोघांचे काम आहे. एकाने फक्त गाडी चालवावी, दुसऱ्याने लॅपटॉप पाहावा. दुसरा माणूस कधी मोकळा आहे, हेही वेळापत्रकात आलेच.

खरा वेळ खातो तो थंड इंजिनाचा स्टार्ट. एकदा गाडी चालू करून पाहिली की इंजिन तापते आणि पुन्हा पूर्ण थंड व्हायला बरेच तास जातात. म्हणजे पहाटेच्या स्टार्टची चाचणी दिवसातून एकदाच होते. आकड्यांत दहा बदल करून पाहायचे तर दहा सकाळी लागतात. प्रत्येक वेळी काम पाच मिनिटांचे असते, पण कॅलेंडरवर दहा दिवस जातात. जास्त हात लावून किंवा रात्रभर जागून हे दिवस कमी करता येत नाहीत.

ऋतूंचेही तसेच आहे. जूनमध्ये नीट केलेला स्टार्ट डिसेंबरात नाशिकच्या पहाटे अडू शकतो. गरम इंजिन बंद करून अर्ध्या तासाने चालू होते का, याची खरी परीक्षा मे महिन्यात होते. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून साडेतेराशे मीटरच्या आसपास आहे. तिथे हवेचा दाब मुंबईपेक्षा साधारण १५ टक्के कमी असतो. एकदा घाट चढल्याशिवाय ती बाजू तपासली गेली असे म्हणता येत नाही. ‘ट्यूनिंग पूर्ण’ म्हणायला एक वर्षाचे चक्र जावे लागते.

हिशेब कसा मांडावा?

उदाहरणादाखल, हत्यारे वापरता येणारा पण इंजेक्शनचे काम पहिल्यांदाच करणारा माणूस घेऊ. सर्वात सोपा मार्ग, म्हणजे कार्ब्युरेटरच्या जागी एकच थ्रॉटल बॉडी आणि इंजेक्टर तिथेच, असा निवडला तर अंदाज असा मांडता येईल :

– इंजिन तपासणी आणि दुरुस्ती : १० तास
– पेट्रोलची व्यवस्था : १८ तास
– सेन्सर आणि वायरिंग : २८ तास
– अॅडॉप्टर प्लेट, ब्रॅकेट, लेथ आणि वेल्डिंगचे काम : १६ तास
– पहिला स्टार्ट आणि गळती तपासणी : ८ तास
– ट्यूनिंग : ३० तास

एकूण ११० तास. प्रत्येक सिलिंडरला वेगळा इंजेक्टर हवा असेल तर मॅनिफोल्डचे काम वाढते आणि हा आकडाही वाढतो.

आता दर रविवारी सहा तास मिळतात असे धरले तर ११० तास म्हणजे १८ ते १९ आठवडे. पण प्रत्येक रविवार मिळत नाही. लग्नकार्य असते, टर्नरकडे गर्दी असते, मागवलेला सेन्सर येत नाही किंवा चुकीचा येतो. म्हणून दीडपट धरावी, म्हणजे साधारण २७ आठवडे होतात. दोन रविवारांचे वाटलेले काम सहा महिन्यांवर जाते. हा आकडा पाहून काम सोडून द्यावेसे वाटले, तर तेही सुरुवातीलाच कळलेले बरे.

कधी सुरू करावे?

पावसाळ्यात जुनी गाडी तशीही फारशी बाहेर निघत नाही. जूनच्या सुरुवातीला काम हाती घेतले, तर ट्यूनिंगपूर्वीचे ८० तास दीडपटीने धरून ऑक्टोबरअखेर संपतात. पुढचे सात-आठ आठवडे ट्यूनिंगला मिळतात आणि थंड स्टार्टच्या चाचण्या नेमक्या डिसेंबरच्या पहाटे येतात. उष्णतेची परीक्षा पुढच्या मे महिन्यासाठी राहते.

सर्वात महत्त्वाचा नियम : गाडी चालती ठेवा

पहिल्याच दिवशी कार्ब्युरेटर उतरवणे ही सर्वात मोठी चूक. त्या दिवसापासून गाडी बंद असते आणि प्रत्येक उशीर अंगावर येतो. त्याऐवजी कामाचे असे टप्पे करावेत, की प्रत्येक टप्प्याच्या शेवटी गाडी चालू होईल.

पहिल्या टप्प्यात इंजिन ठीक करावे आणि वाइडबँड सेन्सर बसवावा. कार्ब्युरेटरवर मिश्रण कसे आहे याची नोंद मिळते, आणि ती पुढे तुलनेला लागते. दुसऱ्या टप्प्यात नव्या नळ्या आणि परतीची लाइन टाकावी, पण गाडी जुन्या पंपावरच चालवावी. तिसऱ्या टप्प्यात कंट्रोलर आणि सेन्सर जोडून त्याला फक्त वाचू द्यावे. इंजिनाचा वेग आणि तापमान बरोबर दिसते का, हे महिनाभर पाहावे. चौथ्या टप्प्यात पॉइंट काढून इग्निशन त्याच्याकडे द्यावे आणि टायमिंग लाइटने खात्री करावी. पेट्रोल अजूनही कार्ब्युरेटरच देतो. दरम्यान अॅडॉप्टर प्लेट बाकावर तयार होत राहते.

कार्ब्युरेटर शेवटी उतरतो. तोवर वायरिंग तपासलेले असते, सेन्सर विश्वासाचे झालेले असतात, आणि बिघाड झाला तर शोधायची जागा एकच उरते. गाडी खऱ्या अर्थाने बंद राहते ती दोन-तीन आठवडे.

कायद्याकडेही पाहावे

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणी पुस्तकातल्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल मालकाला करता येत नाही. त्यामुळे काम सुरू करण्यापूर्वी आरटीओत विचारून घ्यावे. पीयूसीची चाचणी तर द्यावी लागतेच.

पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी मुद्दा अधिक नाजूक आहे. २०२१ च्या नियमांनुसार अशा गाडीला ‘व्हीए’ अक्षरांची विंटेज नोंदणी मिळू शकते. पण गाडी मूळ स्वरूपात असावी आणि चॅसी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरबदल झालेला नसावा, अशी अट आहे. १९७० च्या दशकातल्या पद्मिनी आता या वयाला पोहोचत आहेत. ही नोंदणी हवी असेल तर इंजेक्शनचा विचार बाजूला ठेवून कार्ब्युरेटर नीट बांधून घेणे शहाणपणाचे.

बदल करायचाच असेल तर तो नटबोल्टने बसणारा आणि तसाच निघणारा असावा. मूळ कार्ब्युरेटर, एअर क्लीनर, पॉइंट आणि काढलेला प्रत्येक नट पिशवीत घालून, चिठ्ठी लावून ठेवावा. या आवरासावरीला एक दुपार लागते. वेळेच्या यादीत तीही लिहावी, कारण काम कधी फसलेच तर गाडी पुन्हा रस्त्यावर आणण्याचा सर्वात जवळचा रस्ता त्याच पिशव्यांतून जातो.